अंतरपाट काढाचा कधी?

"एकातच टाक."

पोह्याच्या गाडीवर उभे राहिले की भाऊ हे म्हणत आणि म्हणता म्हणता दोन्ही तळहात जवळ आणून ओंजळ करून दाखवत. गाडीवाला पोहे प्लेटमध्ये आणि तर्री वाटीत द्यायला जायचा. भाऊंना वाटी चालत नसे. पोहे, चिवडा, कांदा, तर्री, सगळं एकावर एक. "चहाबी एकातच टाकू काय भाऊ?" गाडीवाला रोज विचारायचा, आणि भाऊ रोज असे हसायचे, जणू हा विनोद आजच जन्माला आला.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याला वेगवेगळं ठेवलेलं काही बघवत नाही. रेल्वेत चार जणांचे चार डबे उघडले की तो मधे वर्तमानपत्र पसरतो आणि सगळ्यांचं त्यावर ओतायला लावतो. आमचे भाऊ त्यातले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. वर्ध्यात आमच्या गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारलीच नाही.

बस स्टँडच्या मागच्या त्या गल्लीत त्यांचा छापखाना होता. भाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ बंडू, दोघांचा मिळून. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हापासूनचा. लग्नाच्या पत्रिका, बारशाची कार्डं, तेरवीची कार्डं. समोर माझं कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान. मी तेव्हा तिशीत होतो आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती.

भाऊंची खरी ओळख पत्रिकांची नव्हती, मंगलाष्टकांची होती. मुलाकडचे किंवा मुलीकडचे येऊन नातेवाइकांची नावं सांगून जात, आणि भाऊ ती सगळी वृत्तात बसवून देत. गुलाबी कागदावर छापलेली ती मंगलाष्टकं लग्नात वाटली जात. कुणी वगळलेलं त्यांना खपत नसे. रुसलेला आत्याचा नवरा असो, भांडून गेलेला काका असो, भाऊ त्याला कुठल्यातरी ओळीत उभा करायचेच. एकदा त्यांनी लिहिलं होतं, "मामा हे पुलगावचे जवळ ते, काका उभे आर्विचे." ते काका दुसऱ्याच दिवशी तणतणत छापखान्यात आले.

"आमच्या आर्वीची वेलांटी काऊन तोडली जी तुमी?"

"वृत्तात बसत नोती," भाऊ म्हणाले. "लग्नात थोडं सरकूनच बसा लागते, पाव्हणे."

काका हसले, चहा पिऊन गेले. भाऊंशी भांडायला आलेला माणूस बहुधा चहा पिऊनच जायचा. फक्त बंडूचं तसं होत नव्हतं.

त्यांची आई गेली आणि बंडूनं घराच्या वाटणीचं काढलं. बंडू वाईट माणूस नव्हता. त्याची मुलं लहान होती, भाऊंना मूलबाळ नव्हतं, आणि एका चुलीवर दोन बायकांचं जमेनासं झालं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं, की गोडीत वेगळं होऊ. भाऊ नुसते "पाहू" म्हणायचे. त्याच सुमारास खिळ्यांचे दिवस संपले आणि दोघांनी मिळून माझ्याकडून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. छापखाना एकच राहणार होता, कारण त्याचे दोन तुकडे करून चालणार नव्हतं. सकाळी भाऊ बसतील, जेवण झाल्यावर बंडू. गिऱ्हाइकं आपापली.

मशीन जोडून झालं तशी मी भाऊंना बोलावलं. ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मॉनिटरची काच पुसत होते. काच नवी कोरी होती, तरी पुसत होते.

"भाऊ, पार्टिशन करू काय?"

दुपट्टा थांबला.

"कोणाचं?"

आमच्याकडे हा शब्द कॉम्प्युटरच्या किती तरी आधी आला होता. पार्टिशन म्हटलं की आमच्या माणसाला वकील दिसतो, तलाठी दिसतो, अंगणात मोजणीची साखळी दिसते. मी घाईघाईनं म्हणालो, "हार्डडिस्कचं भाऊ. या डबीत सगळं साठते न, तिचे दोन हिस्से. एक सी, एक डी."

"बंडूनं सांगतलं?"

सांगितलं होतं. त्याला एक हिस्सा स्वतःचा हवा होता. पण मी तसं म्हणालो नाही. म्हणालो, "मी सगळ्यायलेच करून देतो."

"एकातच राहू दे," भाऊ म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते प्रश्न घेऊनच. त्यांच्या डोक्यात हिस्सा म्हणजे घराचाच हिस्सा होता, त्यामुळे प्रश्नही घराचे असायचे. मधे जागा सुटते काय? एकाचं भरलं तर दुसऱ्याकडून उसनी जागा घेता येते काय? जाण्यायेण्याचा रस्ता कोणाच्या हिश्श्यातून? मी हसत उत्तरं द्यायचो. मशीन माझ्या टेबलावर जोडून पडलं होतं. त्यांचा निर्णय होईना, आणि बंडू रोज येऊन विचारायचा, "झालं काय बे भाऊचं?"

एकदा त्यांनी विचारलं, "हे मशीन चालवते कोण?"

"सिस्टीम. ते एक मोठं सॉफ्टवेअर असते. ते सीमध्येच राहते."

"म्हंजे सयपाकघर."

"तसंच समजा."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग सी बंडूले दे. त्याचे लेकरं लहान आहे. सयपाकघर त्याच्याइकडंच राहू दे." मग एकदम काळजीनं, "पण मी जेवाले कुठं जाऊ?"

"सीमध्येच या लागते भाऊ. डी चालते सीच्याच भरवशावर."

भाऊंना हे इतकं आवडलं की ते खुर्चीत मागे रेलून हसले. "मंग वाटणी कायची झाली रे बाबू?"

मी तेव्हा त्यांना पटवायला बसलो. खरं सांगतो, मला बंडूची घाई होती आणि टेबल मोकळं हवं होतं. मी म्हणालो, "भाऊ, वाटणी नाईच ही. हार्डडिस्क एकच राहते. मधे नुसता पडदा असते. काई तुटत नाई. उलट फायदा आहे. उद्या सिस्टीम बिघडली तं सी पुसून नवं टाकाचं. डीमधलं तुमचं सगळं जसंच्या तसं राहते."

"पडदा," भाऊ म्हणाले. "अंतरपाट म्हण की."

"हाव, अंतरपाट."

"थो तं काढालेच धरतेत. हा काढाचा कधी?"

बंडू मागे दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो पुढे आला आणि म्हणाला, "पाहा भाऊ, थो बी तेच म्हणून राह्यला. मी घराचं काय येगळं म्हणतो? घर एकच राहते. मधे नुसता पडदा. काई तुटत नाई."

माझेच शब्द होते. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, की घर आणि हार्डडिस्क वेगळी गोष्ट आहे, की मी फक्त मशीनचं बोलतोय. मी की-बोर्डची वायर सरळ करत बसलो.

"करून दे," भाऊ म्हणाले.

मी हार्डडिस्कचे दोन भाग केले. त्याच महिन्यात त्यांच्या अंगणात छातीइतकी भिंत उभी राहिली. मी दुकानातून घरी जाताना ती रोज दिसायची.

भाऊ कॉम्प्युटर शिकले ते फार हौसेनं. एका बोटानं टंकायचे आणि प्रत्येक अक्षराला मान हलवायचे, जणू खिळाच उचलून बसवताहेत. त्यांनी जुनी गुलाबी मंगलाष्टकं शोधून काढली आणि एकेक करून मशीनमध्ये उतरवली. उतरवलं की कागद रद्दीत. "आता हे कायले ठेवाचं? सगळं आत आहे." ती रद्दी गल्लीच्या तोंडाशी भज्याच्या गाडीवर गेली. कित्येक दिवस आम्ही भज्याचा पुडा सोडला की आतून कुणाचे तरी मामा, कुणाच्या तरी मावश्या तेलात न्हाऊन बाहेर यायच्या.

फाइल डीमध्ये कशी ठेवायची हे मी त्यांना दाखवलं होतं. एकदा. उभ्याउभ्याच. पत्रिका करायचं सॉफ्टवेअर आपण काहीच सांगितलं नाही तर सगळं आपल्याच घरात, म्हणजे सीमध्ये, ठेवून मोकळं व्हायचं. डी हवं असेल तर दर वेळी वेगळं निवडावं लागायचं. "इथून असं, मंग इथं डी," मी म्हणालो. भाऊ "हाव, हाव" म्हणाले. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत होतं. त्यांना किती समजलं, मी विचारलं नाही.

नंतर एकदा पोह्याच्या गाडीवर त्यांनी मला विचारलं, "बाबू, थे दोन केलेलं पुन्हा एक करता येते काय?"

"येते. पण आधी दोन्हीकडचं सगळं पुसा लागते."

"सगळं?"

"सगळं भाऊ."

ते बराच वेळ पोहे चिवडत राहिले. "मंग राहू दे. मनूचं आहे त्यात."

मनू ही बंडूची मोठी मुलगी. तेव्हा शाळेत होती, दोन वेण्या घालून भिंतीवरून मोठ्या आईशी, भाऊंच्या बायकोशी, गप्पा मारायची. भाऊंनी तिच्या लग्नाची मंगलाष्टकं आत्ताच लिहून ठेवली होती. "आपले सगळे घेतले," ते हळूच म्हणाले. "भिंतीच्या इकडचे, तिकडचे. आई, बाबा बी. कोणालेच नाई सोडलं. नवरदेवाची तेवढी जागा मोकळी ठेवली. पण वृत्त असं धरलं का कोणतं बी नाव आलं तं बसन." आणि मग स्वतःशीच हसून, "लंबं नाव असन तं त्यालेच सरकून बसा लागन."

पुढच्या लग्नसराईत ते मशीन बसलं. बंडूनं कुठून तरी चित्रांची सीडी आणून लावली होती, तिच्यातून व्हायरस आला. मशीन सुरूच होईना. भाऊ मंगलाष्टकं घेऊन आष्टीला एका लग्नाला गेले होते. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. बंडूच्या पत्रिका अडकल्या होत्या, दारात गिऱ्हाईक उभं होतं.

"सी पुसून नवी सिस्टीम टाकू काय?" मी विचारलं. "तुझं काम?"

"माझं सगळं सीडीवर उतरवलेलं आहे. भाऊचं डीमध्ये असन. तूच तं म्हणलं होतं, डीले काई होत नाई. मार फॉरमॅट."

मी म्हणालोच होतो. ही हार्डडिस्क माझ्या मशीनला जोडून आधी आत काय आहे ते पाहता आलं असतं, तेवढ्यासाठी काही फार वेळ लागला नसता. पण माझ्याही टेबलावर लोकांची मशीन पडली होती, आणि पार्टिशन केलेलंच याच दिवसासाठी होतं. मी सी पुसलं. नवी सिस्टीम चढायला लागली. बंडू चहा घेऊन आला. मग मशीन सुरू झालं आणि मी भाऊंचं सगळं नीट आहे ना हे दाखवायला डी उघडलं.

आत काही नव्हतं. एक फाइल नाही. भाऊंनी आपल्या हिश्श्यात कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

"डी बी पुसलं काय तू?" बंडू ओरडला.

"हात नाई लावला बंडू. हे पहिल्यापासूनच मोकळं आहे."

त्याला समजायला वेळ लागला. मग तो खाली बसला. "म्हंजे भाऊ इतके दिवस माह्याच हिश्श्यात..." एवढंच म्हणाला.

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी आले. कपाळावर लग्नातलं कुंकू तसंच होतं, हातात बुंदीच्या लाडवांचा पुडा. मी त्यांना सांगितलं. ते ऐकता ऐकता दुपट्ट्यानं काच पुसत होते. माझं संपलं तरी पुसत होते. मी वाट पाहत होतो की ते मला काहीतरी बोलतील. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, त्यानं एक शिवी हासडली असती तर मी आयुष्यभर सुखानं झोपलो असतो.

"नागपूरले एक जण आहे," मी म्हणालो. "पुसलेलं बी काढून देते. आपण याले आता हात नाई लावला तं काईतरी निघन."

"काय काय निघन?"

"सांगता नाई येत. काई पुरं, काई अर्धं."

"मी नेतो भाऊ," बंडू म्हणाला. "आजच नेतो."

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि तू म्हणला होता का एक कराचं तं सगळं पुसा लागते."

"हाव."

"मंग आता तं पुसलंच आहे." ते अगदी सहज म्हणाले, पोहेवाल्याला म्हणावं तसं. "आता एक करून दे."

"भाऊ, एक केलं तं मंग काईच निघणार नाई. नागपूरवाला बी काई करू शकणार नाई."

"भाऊ, मनूचं होतं न त्यात," बंडू म्हणाला.

"मनूचं डोक्यात आहे माह्या. पोरगी मोठी होऊ दे, नवरदेवाचं नाव येऊ दे, पुन्हा लिहीन. तू सांग बंडू. करू दे याले एक?"

दोघे एका बाकावर बसले होते. भिंत झाल्यापासून मी त्यांना एका बाकावर बसलेलं पाहिलं नव्हतं. बंडू खाली मान घालून, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "करून दे."

आता इथे मला सांगायलाच हवं. त्या क्षणी मला एक गोष्ट सुचली होती. माझ्या कपाटात दुसरी हार्डडिस्क होती. ती त्यांच्या मशीनमध्ये टाकून, ती अखंड ठेवून, ही जुनी तशीच बाजूला काढता आली असती. भाऊंच्या मनासारखं एक झालंही असतं आणि नागपूरचीही आशा राहिली असती. मला सुचलं आणि मी बोललो नाही. का बोललो नाही हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तरावर विश्वास राहिला नाही. कधी वाटतं, भाऊंच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते मला मोडायचं नव्हतं. कधी वाटतं, नागपूरच्या माणसानं ती डिस्क उघडली असती तर मी न पाहता पुसलं हे चारचौघांत झालं असतं, ते मला नको होतं. दोन्ही खरं असावं.

मी मधली रेघ काढून टाकली. नुसतं सी उरलं. भाऊंनी पडद्यावर पाहिलं आणि दोन्ही तळहात जवळ आणून ओंजळ करून दाखवली. मग लाडवांचा पुडा फोडला आणि आम्हा तिघांचे लाडू एकाच कागदावर ठेवले.

अंगणातली भिंत मात्र होती तिथेच राहिली. बंडूनं पाडायचं नाव काढलं नाही, भाऊंनीही काढलं नाही. मी एकदा भीतभीत विषय काढला, तर म्हणाले, "घराले फॉरमॅट नाई मारता येत बाबू. दुकानात तं एक आहो न." त्यानंतर ते दुपारीही छापखान्यात बसायला लागले, बंडूच्या वेळेत, बंडूच्या शेजारी. काम काही करत नसत. काच पुसायचे.

डी मोकळं का राहिलं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. बंडू समजून चालला की भाऊंनी वाटणी मानलीच नव्हती म्हणून ते मुद्दाम सीमध्ये ठेवत राहिले. गल्लीतही तेच सांगितलं जातं, आणि सांगताना लोकांचे डोळे भरून येतात. तसं असेलही. पण मी उभ्याउभ्या एकदाच दाखवलं होतं आणि ते "हाव, हाव" म्हणाले होते, हे फक्त मला माहीत आहे. त्यांचा जीव सीमध्ये अडकला होता की त्यांना डीची वाटच सापडली नव्हती? हे विचारायला जेवढा धीर लागतो तेवढा मी जमवेपर्यंत भाऊ गेले. थंडीत गेले. सकाळी पोह्याच्या गाडीवर जायला म्हणून निघाले होते, दारातच बसले, ते उठले नाहीत.

मनूचं लग्न त्यानंतर ठरलं. मुलगा हिंगणघाटचा, नाव आखूड होतं, कुठल्याही वृत्तात बसलं असतं. बंडू ती जुनी हार्डडिस्क रुमालात गुंडाळून माझ्याकडे आला.

"पाह्य न बे. आता नवे नवे सॉफ्टवेअर आले म्हणतेत. भाऊचं काई निघते काय. एखादी ओळ बी चालन."

मला माहीत होतं. तरी मी ती जोडली आणि बसलो. बंडू समोर बसून होता. जे निघालं ते सगळं नंतरचं होतं, बंडूच्या पत्रिका, तेरवीची कार्डं. त्याच्याखाली जे होतं त्यावर इतकं लिहिलं गेलं होतं की खाली काही होतं हेसुद्धा आता सिद्ध करता आलं नसतं.

"नाई बंडू."

त्यानं हार्डडिस्क पुन्हा रुमालात बांधली. जाताना म्हणाला, "लग्नाआधी भिंत पाडू म्हणलं होतं. मंग वाटलं, भाऊ होते तवा पाडली नाई. आता पाडून कोणाले दाखवू?"

मांडव अंगणातच घातला. मांडववाल्यानं विचारलं असेल कुठून कुठपर्यंत, आणि कुणीतरी अख्खं अंगण दाखवलं असेल, कारण कापड भिंतीच्या वरून पलीकडे भाऊंच्या हिश्श्यापर्यंत ओढलेलं होतं. वर एकच मांडव आणि खाली मधोमध ती छातीइतकी भिंत. बायका ताटं भिंतीवरून इकडून तिकडे देत होत्या. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, पलीकडे आपल्या बाजूला उभी होती. मनूनं दोनदा बोलावलं, पण नवरा गेलेली बाई, ती काही इकडे आली नाही. मूठभर अक्षता घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

गुरुजींनी पुस्तकातली मंगलाष्टकं म्हटली. सगळ्या लग्नात असतात ती. गंगा, यमुना, गोदावरी आल्या. पुलगावचं कुणी आलं नाही, आर्वीचं कुणी आलं नाही. वेलांटीसाठी भांडायला आलेले, पुढे घरचेच झालेले ते आर्वीचे काका माझ्या शेजारीच उभे होते, आता थकले होते. प्रत्येक कडव्याला ते जरा पुढे झुकून कान देत होते, जणू आपलं नाव येईल. मीही कान देत होतो.

शेवटचं "सावधान" झालं. बंडूनं एका बाजूनं अंतरपाट धरला होता. तो खाली आला आणि सगळीकडून अक्षता उडाल्या. वहिनीनंही आपली मूठ उघडली. तिचा हात म्हातारा झाला होता, जोर पोचला नाही. तिच्या सगळ्या अक्षता भिंतीवरच पडल्या, आणि मांडव सोडेपर्यंत तिथेच होत्या.